मिस्त्रीवहिनी आणि पाण्याखालचे गिअर

लग्नानंतर कितीतरी वर्षं मिस्त्रीवहिनीला मोटर म्हणजे आवाज आणि वास, एवढंच ठाऊक होतं. होडीच्या मागच्या फळीला अडकवतात त्या मोटरींच्या दुरुस्तीचं दुकान नवऱ्याचं, आणि दुकानाच्या मागची खोली तिची. मधे एक दार. दाराच्या अलीकडे शिवणयंत्र, कापडाचे तुकडे, खडूच्या रेघा. दाराच्या पलीकडे ऑइल, ग्रीस आणि लाकडी घोड्यांवर टांगलेल्या मोटरी. त्याचे हात सदा काळे आणि हिच्याकडे शिवायला लोकांचे पांढरे शर्ट, म्हणून ते दार ती कायम ओढून घ्यायची. "तुमचं ते तुमच्याकडे, माझं हे माझ्याकडे," असा दोघांमधला तह होता, आणि तो मोडायचं कारण कधी आलं नव्हतं.

दुकानासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे धक्का आणि धक्क्यापुढे तळं. आपलं म्हणायचं म्हणून तळं. पलीकडचा काठ हवा स्वच्छ असली तरच दिसायचा. त्या काठावर वस्ती होती आणि शाळा, दवाखाना, बाजार सगळं या काठावर. त्यामुळे दिवसभर होड्यांची ये-जा. आणि होड्यांना लावलेल्या मोटरी कुठल्या? तर कुणाच्या आजोबांनी वापरलेल्या, कुणी भंगारातून उचलून आणलेल्या, कुणी मोठ्या बंदरावरून जुन्या म्हणून आणलेल्या. रंग उडालेले, नावाच्या पाट्या गळून पडलेल्या. मूळ कंपन्यांतल्या कितीतरी बंद पडून जमाना झालेला. अशा मोटरीचं झाकण उघडून, लिव्हर दोनदा हलवून "हिच्या पोटात काय आहे" हे सांगणारा माणूस सगळ्या काठावर एकच, म्हणजे मिस्त्री. त्यांच्यामुळे ती मिस्त्रीवहिनी.

एका दुपारी मिस्त्री लंबूला झापत होते. लंबू हा उंचीमुळे पडलेलं नाव सार्थ करणारा होडीवाला. मिस्त्रींचा जुना दोस्त आणि त्यांच्या शिव्यांचं हक्काचं गिऱ्हाईक. "अरे, गिअर टाकताना आधी वेग कमी…" एवढं म्हणून मिस्त्री थांबले. पुढचा शब्द येईना. हातातला पाना खाली पडला, आणि पाठोपाठ मिस्त्रीही.

दवाखान्यातून ते परत आले तेव्हा उजवं अंग लुळं होतं आणि सगळी भाषा जाऊन एकच शब्द शिल्लक राहिला होता. "बरं." भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं, पाय दुखला तरी बरं. डॉक्टरीणबाईंनी वहिनीला समजावून सांगितलं, "समजतं त्यांना सगळं. फक्त आतला शब्द बाहेर येत नाही." घरी आल्यावर मधलं दार वहिनीनं बिजागरीतून काढून भिंतीला टेकवून ठेवलं, आणि मिस्त्रींची खुर्ची अशा जागी मांडली की त्यांना दोन्ही खोल्या दिसाव्यात.

नणंद आली होती भावाला बघायला. जाताना म्हणाली, "वहिनी, स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. हे सामान काढून टाक. दादाच्या डोळ्यांसमोर रोज हे लोखंड कशाला? झुरेल तो."

"वन्सं, लोखंड काढलं तर ते कशाकडे बघतील?"

"तुझ्याकडे बघेल की!"

"माझ्याकडे इतक्या वर्षांत कधी बघितलंय त्यांनी?" वहिनी म्हणाली, आणि दोघी हसल्या. खुर्चीतून "बरं!" असं चिडून आलं, तेव्हा आणखी हसल्या.

लंबूची मोटर दुकानातच पडली होती. तो रोज येऊन मिस्त्रींजवळ बसायचा, पण मोटरीचं नाव काढायचा नाही. एक दिवस वहिनीनंच विचारलं, "भाऊजी, मोटरीला झालंय तरी काय?"

"काय सांगू वहिनी. इंजिन सुरू होतं, झकास चालतं. लिव्हर पुढे टाकतो, पण होडी जागची हलत नाही. मागे टाकतो, तरी नाही. नुसताच आरडाओरडा, काम शून्य."

हे ऐकून मिस्त्री खुर्चीत अस्वस्थ झाले. डावा हात वर करून त्यांनी बायकोला जवळ बोलावलं, आणि पहिल्यांदाच तिचा हात धरून त्या मोटरीच्या पंख्यावर नेऊन ठेवला. पाण्यात फिरून होडी ढकलणारा तो तीन पात्यांचा पंखा. थंडगार आणि कडेला झिजलेला. वहिनीनं फिरवला. सहज फिरला. मिस्त्रींनी लंबूला खुणेनं लिव्हर पुढे टाकायला लावली. पंखा तसाच मोकळा. मागे टाकायला लावली. तरी मोकळा.

"बरं," मिस्त्री म्हणाले, म्हणजे, कळलं का?

वहिनी उठून आपल्या शिवणयंत्राकडे गेली. बॉबिन भरताना यंत्राच्या चाकाच्या मधली खुंटी सैल करतात. मग चाक गरगर फिरतं, पण सुई हलत नाही. खुंटी आवळली की पुन्हा सुई चाकाच्या ताब्यात. तिनं खुंटी सैल केली, चाक फिरवलं आणि स्थिर सुईकडे बोट दाखवून नवऱ्याला विचारलं, "अहो, हे असं?"

मिस्त्रींच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू पसरलं. दवाखान्यातून आल्यापासूनचं पहिलं. "बरं, बरं, बरं!" असं ते इतक्या जोरात म्हणाले की रस्त्यावरून जाणारी बाई वळून बघायला लागली.

म्हणजे खुंटी सैल झाली होती, पण कुठली? मिस्त्रींनी डाव्या हाताच्या बोटानं हवेत वरून खाली एक रेघ ओढली आणि ती मधोमध तोडली. लिव्हरपासून खालच्या गिअरच्या डब्यापर्यंत, मोटरीच्या पाण्यात उतरणाऱ्या पोकळ पायातून, एक बारीक दांडी उतरते हे तेव्हा वहिनीला माहीत नव्हतं. पण मिस्त्री बोटानं दाखवत गेले तशी तिनं पायावरची छोटी पत्र्याची पट्टी काढली. आत खरंच दांडी होती, आणि ती एक नव्हती, दोन तुकडे जोडून केलेली होती. जोडाचा स्क्रू निघून तळाशी पडला होता. वरचा तुकडा लिव्हरबरोबर हलत होता आणि खालच्याला त्याचा पत्ताच नव्हता.

तिनं स्क्रू बसवला. लिव्हर पुढे टाकली. खाली कुठेतरी 'खट्' झालं, आणि हातातला पंखा जणू कुणीतरी आतून धरला. वहिनीनं दचकून हात मागे घेतला. मग पुन्हा ठेवला.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "आत कोणीतरी आहे."

त्यानंतर तिला चैन पडेना. शर्टाला काज करता करता ती मधेच उठून पलीकडे जायची. शेवटी एका दुपारी तिनं मिस्त्रींना सांगितलं, "मला आत काय आहे ते बघायचंय." कोपऱ्यात एक मोडकी, कधीच सुरू न होणारी मोटर पडलेली होती. मिस्त्री दाखवत गेले, ती उघडत गेली. पाण्यात बुडणारा तो माशाच्या आकाराचा डबा उघडला, जुनं काळं ऑइल घमेल्यात ओघळलं, आणि तिनं आत डोकावून बघितलं.

इंजिनाकडून येणारा उभा दांडा खाली एका छोट्या दातेरी चाकात संपत होता. त्या चाकाच्या दोन बाजूंना, समोरासमोर तोंड करून, दोन मोठी दातेरी चाकं होती. वहिनीनं वरून दांडा फिरवला. छोटं चाक फिरलं, आणि त्याच्याबरोबर दोन्ही मोठी चाकं फिरायला लागली, पण एक एका दिशेला आणि दुसरं बरोबर उलट. दोघांच्या मधून पंख्याचा दांडा जात होता, आणि तो मात्र स्वस्थ होता. त्याच्यावर एक बोटभर ठोकळा पुढे-मागे सरकायचा. ठोकळा पुढच्या चाकाला जाऊन भिडला की होडी पुढे. मागच्याला भिडला की मागे. मधे उभा राहिला तर होडी जागच्या जागी.

वहिनी पुन्हा पुन्हा दांडा फिरवून बघत राहिली. तिची कल्पना अशी होती की मागे जायचं असेल तर आत सगळं थांबत असेल, वळत असेल, उलटं होत असेल. तसं काहीच नव्हतं. पुढे जाणं आणि मागे जाणं ही दोन्ही चाकं सतत, एकाच वेळी फिरत होती, अंधारात, ऑइलमध्ये. होडी धक्क्याला उभी असतानासुद्धा. मधल्या एवढ्याशा ठोकळ्यानं कुणाचा हात धरायचा, तेवढाच प्रश्न.

"अहो, हे तुम्ही इतकी वर्षं रोज बघत होतात?" तिनं विचारलं. "आणि मला एकदाही बोलावलं नाहीत?"

मिस्त्री भिंतीला टेकवलेल्या दाराकडे बघत राहिले. "बरं," ते म्हणाले. त्या 'बरं'चा अर्थ तिनं लावायचा प्रयत्न केला नाही. तिनं त्यांचा गार पडलेला उजवा हात उचलून त्या उघड्या चाकांवर ठेवला आणि दांडा फिरवला, म्हणजे त्या हातालाही काही कळलं तर कळावं.

पुढच्या काही वर्षांत वहिनी शिकली ती अशी. मिस्त्री खुर्चीतून डोळ्यांनी, बोटानं आणि एका शब्दानं शिकवायचे, पण त्या एका शब्दाच्या तिला इतक्या चाली पाठ झाल्या की लंबू म्हणायचा, "आमच्या घरात दोघांना सगळी भाषा येते, तरी इतकं बोलणं होत नाही."

अगदी जुन्या मोटरींना गिअरच नसतो, हे तिला आधी खरं वाटलं नाही. दोरी ओढली, इंजिन सुरू झालं, की होडी निघालीच. थांबायचं तर इंजिन बंद करा. मागे जायचं तर? तर सगळीच्या सगळी मोटर तिच्या खुंट्यावर फिरवून तिचं तोंड उलटं करा. त्यानंतरच्या काहींना नुसती मोकळीक आली: पुढे किंवा उभं, मागे नाही. मग आल्या दांडीवाल्या, पुढे-उभं-मागे अशा तिन्ही. आणि नंतर कुणाच्या तरी डोक्यात वीज शिरली, आणि दांडीच काढून टाकून त्यांनी पायातून नुसत्या दोन तारा खाली सोडल्या.

या तारवाल्यांनी मिस्त्रींना उमेदीच्या काळात नाकी नऊ आणले होते. कारण त्यांत दोन जाती, आणि बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या. एकीत डब्याच्या आत विजेची दोन वेटोळी असतात. एकात वीज सोडली की ते पुढचं चाक खेचून धरतं, दुसऱ्यात सोडली की मागचं. वीज नसेल तर कुणीच कुणाला धरत नाही. दुसरीत डब्याच्या आत तेलाचा एक चिमुकला पंप असतो. त्यात वीज नसली की ठोकळा आपणहून पुढच्या चाकालाच भिडून राहतो. उभं राहायला मात्र एका तारेतली वीज लागते, आणि मागे जायला दोन्ही तारांतली. ओळखायचं कसं? मिस्त्रींनी दाखवलं. किल्ली बंद कर आणि पंखा हातानं फिरव. दोन्ही बाजूंना मोकळा फिरला तर पहिली. एका बाजूला टकटक करत घसरला आणि दुसऱ्या बाजूला घट्ट अडकला तर दुसरी. बस्स. पाटी नको, पुस्तक नको. तळहातानं विचारायचं आणि तळहातानं ऐकायचं.

वहिनीचा हात त्यात इतका तयार झाला की होडीवाले गमतीनं म्हणायचे, "डॉक्टर नाडी बघतात, वहिनी पंखा बघतात." ती हसायची. पण प्रत्येक वेळी पंख्यावर हात ठेवताना ती मान तिरकी करून कान लावायची, हे सगळ्यांनी बघितलेलं आहे.

एकदा फोटो काढण्याचा धंदा करणारे काका एक भलीमोठी मोटर हातगाडीवर घालून घेऊन आले. त्यांच्या सासऱ्यांची. वहिनीनं पाय तपासला. दांडी नाही. तारा शोधल्या. त्याही नाहीत. पंखा फिरवून बघितला तर तो कुठल्याच बाजूला मोकळा नाही. फिरवला की थेट इंजिनच आढेवेढे घेत फिरायचं. म्हणजे गिअर नसलेली. पण मग वरच्या पेटीवर लिव्हर होती, आणि तिला पुढे आणि मागे अशा दोन्ही जागा होत्या!

"बिनगिअरच्या मोटरीला गिअरची लिव्हर," लंबू म्हणाला. "म्हणजे टकल्याला कंगवा."

मिस्त्रींनी मोटर सगळ्या बाजूंनी बघितली आणि डावा हात हवेत उडवला. त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा मात्र खुलला होता, नवीन काही समोर आल्यावर खुलतो तसा. पुढे कितीतरी दिवस दोघं नवरा-बायको त्या मोटरीसमोर बसून चहा प्यायचे. अखेर वहिनी म्हणाली, "तिलाच विचारू."

मोटर लंबूच्या होडीला लावली. मिस्त्रींना खुर्चीसकट धक्क्याच्या कडेला आणून बसवलं. फोटोवाले काका होडीत पुढे बसले. इंजिन सुरू झालं आणि होडी लगेच निघाली, गिअर नसलेली निघते तशी. थोडं पुढे गेल्यावर वहिनीनं वेग अगदी कमी केला आणि लिव्हर मागे ओढली.

इंजिन बंद पडलं.

एकदम शांत झालं. पाण्याचा चुबुकचुबुक आवाज तेवढा. "गेली," काका म्हणाले. "सासऱ्यांची आठवण गेली बघा." वहिनीनं लिव्हर तशीच मागे ठेवली आणि किल्ली फिरवली. आत काहीतरी कण्हलं, खोकलं आणि इंजिन पुन्हा सुरू झालं. आणि होडी मागे जायला लागली. धक्क्याकडे, सरळ, शांतपणे, मागे.

कुणाला काही कळेना. वहिनीनं झाकण उचलून वरचं जड चाक बघितलं. मघाशी ते एका दिशेनं फिरत होतं, आता उलट्या. या मोटरीत गिअर बदलत नव्हता; आख्खं इंजिनच थांबून, श्वास घेऊन, उलटं चालायला लागलं होतं. ज्यानं ही मोटर केली त्याला दोन चाकं आणि मधला ठोकळा सुचला नसेल का? सुचला असेलच. पण त्यानं विचार केला असेल की इंजिनालाच दोन्ही दिशांना चालायला शिकवलं तर?

धक्क्यावरून "बरं!" ऐकू आलं. मिस्त्री खुर्चीत पुढे झुकले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हसू आल्यामुळे की आणखी कशामुळे, ते वहिनीनं विचारलं नाही. तिचेही डोळे पुसायचे राहिले होते.

त्यानंतरच्या थंडीत लंबूनं नवीन होडी केली आणि तिच्यासाठी कुठून तरी एक मोठी मोटर आणली. जुनीच, पण जोरकस. दोन तारांची. "एकदम टकाटक आहे, वहिनी, बघायचीसुद्धा गरज नाही," म्हणाला, आणि मिस्त्री-वहिनींना पहिल्या फेरीचं आमंत्रण दिलं. आजारपणानंतर मिस्त्री पाण्यावर गेले नव्हते. त्यांना उचलून होडीत बसवलं, शाल गुंडाळली. आणखी चार-पाच प्रवासी होते. बाजार करून घरी निघालेले.

तळ्याच्या मध्यावर पोचले तेव्हा वारा सुटायला लागला. पंख्यापाशी गवताचा झुबका अडकल्यासारखा दिसला, म्हणून लंबूनं लिव्हर मधे आणून होडी उभी केली आणि वाकून बघू लागला. आणि लिव्हर मधे असताना, कुणाचा हात तिच्यावर नसताना, होडी आपणहून पुढे निघाली.

लंबू पडता पडता वाचला. लिव्हर त्यानं मागे ओढली. होडी पुढेच. पुन्हा मधे आणली. तरी पुढेच. त्यानं झटक्यात किल्ली बंद केली. "झपाटलीय ही!" तो म्हणाला. "आत गिअर तुटलाय, वहिनी. आता सुरू केली तर सगळा भुगा होईल."

इंजिन बंद, आणि वारा त्यांना बाजूला ढकलत होता. त्या बाजूला तळ्याचा सांडवा होता. दगडांची लांब रांग आणि त्यावरून पलीकडे कोसळणारं पाणी. अजून लांब होतं, पण त्याचा घरघर आवाज वाऱ्यावरून यायला लागला होता. वल्ही एवढ्या मोठ्या होडीला पुरणारी नव्हती. एक बाई पिशवी पोटाशी धरून डोळे मिटून बसली.

वहिनीनं नवऱ्याकडे बघितलं. मिस्त्री तिच्याकडेच बघत होते. त्यांनी शालीतून डावा हात बाहेर काढला, तळवा उघडा केला, आणि तसाच धरून ठेवला.

"भाऊजी, मोटर वर उचला," वहिनी म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. पंखा पाण्याबाहेर येऊ दे."

लंबूनं मोटर तिरपी केली. वहिनी होडीच्या मागच्या फळीवर पालथी झुकली, इतकी की एकानं तिचा पदर आणि दुसऱ्यानं पाय धरून ठेवले. तिनं ओल्या पंख्यावरचं गवत ओढून काढलं आणि तळवा ठेवला. एका बाजूला फिरवला. टक्, टक्, टक्. दुसऱ्या बाजूला फिरवला. घट्ट. आत कोणीतरी धरून होतं. पायाच्या वरच्या टोकाला, जिथे तारा आत शिरतात, तिथे तिची बोटं गेली. दोन तारांपैकी एक पत्र्याला घासून घासून तुटलेली होती.

ती सरळ होऊन बसली. "गिअर तुटलेला नाही. तार तुटलीय. हिला उभं राहायला वीज लागते. पुढे जायला लागत नाही. उभं राहायची वीज गेली, म्हणून निघाली ती. झपाटलेली नाही, भाऊजी. एकदम शहाणी आहे." मग सगळ्यांना म्हणाली, "खाली बसा आणि घट्ट धरा. सुरू झाली की लगेच निघेल. मधे थांबायचं नाही, मागे यायचं नाही, आता फक्त पुढे."

लंबूनं मिस्त्रींकडे बघितलं. "बरं," मिस्त्री म्हणाले, अगदी शांतपणे.

किल्ली फिरली. मोटर ओझ्याखाली कुरकुरली, पुन्हा कुरकुरली, मग गरजली, आणि होडीनं पुढे झेप घेतली. सगळे एकमेकांवर कलंडले. लंबूनं होडीचं नाक वाऱ्याच्या दिशेनं वळवलं. सांडव्याचा आवाज काही वेळ बरोबरीनं चालला, मग मागे पडला, मग ऐकू येईनासा झाला. पलीकडचा काठ जवळ आल्यावर वहिनीच्या सांगण्यावरून त्यानं बऱ्याच आधी किल्ली बंद केली, आणि होडी उरलेल्या वेगावर आपली आपण सरकत येऊन काठाच्या चिखलात रुतली. तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मिटलेले डोळे उघडून ती पिशवीवाली बाई म्हणाली, "आलो?"

लंबू गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. वहिनी मात्र मोटरीकडे बघत बसली होती. बऱ्याच वेळानं ती मिस्त्रींना म्हणाली, "अहो, कुणीतरी हे आधीच ठरवून ठेवलं होतं. कुठल्या तरी खोलीत, टेबलाशी बसून. की समजा तार तुटली, समजा वीज गेली, तर हिनं काय करावं? आणि त्यानं ठरवलं, पुढे जावं. माणसाला मधेच सोडू नये." ती थांबली. "आपण त्याला कधी बघितलंही नाही. त्यानं तळंही बघितलं नाही हे."

मिस्त्रींनी तिच्या ओल्या हाताला शालीचा कोपरा गुंडाळला.

ते आणखी काही वर्षं होते. मग एका पहाटे, तिच्या शेजारी, झोपेतच गेले. थोडे दिवस दुकान बंद राहिलं. नणंद राहायला आली होती. एका सकाळी तिला पलीकडून पान्याचा आवाज आला, आणि तिनं चहाचे दोन कप भरून तिकडे नेले. "दाखव तर मला, काय असतं यात एवढं," ती म्हणाली, आणि स्टुलावर बसली. दुपारपर्यंत दोघी जणी तिथेच होत्या. जेवायचं कुणालाच सुचलं नाही.

वहिनीचे केस आता पांढरे झालेत. शिवणकाम कमी केलंय. सुईत दोरा ओवताना त्रास होतो म्हणते. पण हाताला चष्मा लागत नाही. मागच्या उन्हाळ्यात तिला कुणीतरी सांगितलं की लांबच्या एका गावात, एका म्हाताऱ्या माणसाच्या गोठ्यात, फार म्हणजे फारच जुनी मोटर आहे. तिला गिअर नाही, तार नाही, इंजिनही उलटं फिरत नाही, तरी ती पुढे जाते, उभी राहते आणि मागेही येते. वहिनीनं डबा भरला आणि पहाटेची बस पकडली.

दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा लंबू धक्क्यावर वाटच बघत होता. "काय वहिनी? कशी होती?"

वहिनीनं पिशवी खाली ठेवली. मग तिनं उजवा हात पुढे केला, बोटं जुळवून, पात्यासारखा ताठ. तो हात मनगटापासून हळूहळू वळवत नेला. आधी तळवा किंचित खाली, मग आडवा, मग दुसऱ्या बाजूला किंचित वर.

"पंखा एकाच दिशेला फिरत असतो," ती म्हणाली. "पातीच वळतात, भाऊजी. आपल्या आपल्या जागी. इकडे कलली की होडी पुढे, आडवी झाली की उभी, तिकडे कलली की मागे. अशी."

लंबूनं स्वतःचा लांबलचक हात पुढे केला आणि तसाच वळवून बघितला. दोघं जण धक्क्यावर उभी राहून कितीतरी वेळ आपापले हात वळवत होती.